नवे डाग नाहीत, तरी चाल मंदावते

‘नवे डाग नाहीत. आजार स्थिर.’ एमआरआयचा हा अहवाल घेऊन बदलापूरच्या पंचेचाळिशीतल्या एक बाई ओपीडीत आल्या. घरचे निश्चिंत होते. बाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मागच्या वर्षी स्टेशनचा जिना काठीशिवाय चढत होते. आता काठी घेऊनही दोनदा थांबावं लागतं. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.’’

ते मनाचे खेळ नाहीत. बाईंना मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. हल्ला ताजा असला की एमआरआयमध्ये बहुधा नवा डाग दिसतो. पण आजार हळूहळू वाढत जाण्याच्या टप्प्यात गेला की नवे डाग न पडताही तंतू झिजत राहतात.

बारवी धरणाकडून येणारी मोठी जलवाहिनी फुटली, तर पाणी रस्त्यावर दिसते. जमिनीखालची बारीक गळती दिसत नाही. घरातल्या नळाची धार बारीक झाली की ती कळते. नेहमीचा एमआरआय फुटलेली वाहिनी दाखवतो. रुग्णाची चाल ही नळाची धार.

झीज मोजता येते. निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो, एमएसमध्ये साधारण ०.५ ते १ टक्का. संशोधनात हे मोजमाप उपयोगी पडते. पण एकेका रुग्णाचा निर्णय त्यावर घेणे अवघड आहे. मशीन बदलले, अगदी अंगातले पाणी कमी झाले, तरी आकडा हलतो.

म्हणून ‘स्थिर’ हा शब्द डॉक्टरांनी जपून वापरावा. त्या एका शब्दावर व्यायामोपचार थांबतात, औषध बदलण्याचा विचार मागे पडतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. पण प्रमाणपत्रासाठी अपंगत्व मोजावे लागते आणि ते डाग मोजून कळत नाही.

२५ फूट चालायला किती सेकंद लागतात, ही साधी चाचणी आहे. त्यासाठी घड्याळ आणि ओपीडीबाहेरचा बोळ पुरतो. प्रत्येक भेटीत ती करावी आणि केसपेपरवर लिहावी. रुग्णांनीही जुन्या एमआरआयच्या सीडी जपाव्यात आणि शक्यतो त्याच मशीनवर तपासणी करावी.

बाईंच्या पिशवीत सहा एमआरआय होते. चालण्याची नोंद एकही नव्हती. पहिली त्या दिवशी केली.