नकळत शिकण्याची लय

मलकापुरातल्या एखाद्या अंगणात आजी ठिपक्यांची रांगोळी काढत असते आणि शेजारी बसलेली नात ती निरखत असते. कोणी कोणाला शिकवत नसते. तरी काही दिवसांनी पुढचा ठिपका कोठे पडणार, हे नातीला कळू लागते. आंबा-आंबे, पेढा-पेढे ऐकत वाढलेले मूल एके दिवशी ‘दोन काके आले’ म्हणते. शब्द चुकला, परंतु नियम त्याने स्वतःच हेरलेला असतो.

वाचकहो, या नकळत शिकण्याला वेळेचेही गणित असते. १९९६ साली अमेरिकेत जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची अखंड माळ अवघी दोन मिनिटे ऐकवली. मध्ये विराम नव्हता. तरीही कोणती अक्षरे नेहमी एकत्र येतात, हे बाळांनी ओळखले. पुढे २०११ साली पाच ते बारा वर्षांच्या मुलांना चित्रांचे क्रम दाखवले गेले. प्रत्येक चित्र अधिक वेळ समोर राहिले, तेव्हा क्रम मुलांच्या अधिक ध्यानी आले.

म्हणून बडबडगीत म्हणताना अक्षरे तोडू नका. नेहमीच्या ओघात, पुन्हापुन्हा म्हणा. चित्रांचे पुस्तक वा रांगोळी दाखवताना मात्र घाई नको. ‘हात मंदावले, आता नातवंडांच्या वेगाला आपण पुरे पडत नाही’ अशी खंत अनेक ज्येष्ठांना वाटते. ती मनातून काढून टाकावी. मोबाइलच्या पडद्यावर भराभर पालटणारी चित्रे जी उसंत देत नाहीत, ती आपल्या सावकाश हातांपाशी आहे.