जनसूचनेचा कोड कुठं ठेवणार?

प्रति,
माहिती तंत्रज्ञान आणि संचार विभाग,
राजस्थान सरकार, जयपूर



जयपुरात राहून मुक्त सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या एका मराठी माणसाचं हे पत्र. मराठीत आणि जाहीर लिहितोय, कारण महाराष्ट्र सरकारच्या मुंबईतल्या याच खात्यालाही ते तितकंच लागू आहे.

1997 साली याच शहरात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 53 दिवस धरणं धरलं. पंचायतीच्या कागदांच्या प्रती द्या, एवढीच मागणी. शेवटी सरकारनं सांगितलं, की तसा नियम सहा महिन्यांपूर्वीच अधिसूचित झालाय! छापलेलं लोकांना सापडत नसेल, तर त्याला उघड कसं म्हणायचं? त्याच लढ्याच्या वाटेवर 13 सप्टेंबर 2019 रोजी तुमचं जनसूचना पोर्टल सुरू झालं. अर्ज न करता माहिती मिळावी, हा त्याचा हेतू. आता ज्या कोडवर ते चालतं तोही लोकांपुढे यावा, आणि तो कुठं ठेवायचा याचा विचार आधी व्हावा.

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव गिटहबचं येईल. माणसं तिथं आहेत, हे खरंच. पण 2018 पासून ते मायक्रोसॉफ्टचं आहे आणि 2019 मध्ये अमेरिकी निर्बंधांपायी इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या प्रोग्रामरांच्या खात्यांवर तिथं बंधनं आली. आपण तरी कुठं मागे होतो? डिसेंबर 2014 मध्ये आपल्याच दूरसंचार खात्याच्या आदेशानं 32 संकेतस्थळं बंद झाली. त्यांत कोडचे तुकडे ठेवायचं गिटहबचं गिस्ट होतं, कोड ठेवायचं सोर्सफोर्जही होतं. गूगल कोड तर 2016 मध्ये कंपनीनंच गुंडाळलं.

असं यजमान संकेतस्थळ बंद झालं, तरी कोड सहसा बुडत नाही. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या प्रत्येक पूर्ण क्लोनमध्ये, म्हणजे प्रतीत, पहिल्या कमिटपासूनचा इतिहास असतो. तो दुसऱ्या सर्व्हरवर चढवणं दुपारभराचंही काम नाही. अडतं ते चर्चेपाशी. चूक कोणी दाखवली, ती का नाकारली, बदल कोणी सुचवला, हे सगळं इश्यू आणि पुल रिक्वेस्टमध्ये असतं, आणि ते गिटमध्ये नसतं, यजमानाच्या डेटाबेसमध्ये असतं. बिऱ्हाड हलतं, शेजार मागे राहतो. सरकारी सॉफ्टवेअरच्या बाबतीत तर हा शेजारच मोलाचा. ती नागरिकांची तक्रारवही असते.

सरकारी कोड ठेवायला केंद्राचं ओपनफोर्ज 2017 पासून आहे. तरी कोविडकाळातल्या आरोग्य सेतू ॲपचं काय झालं पाहा: अँड्रॉइड ॲपचा कोड मे 2020 मध्ये गिटहबवर आला, सर्व्हरकडचा नोव्हेंबरमध्ये ओपनफोर्जवर. गोळा केलेल्या माहितीचं पुढं काय होतं, हा खरा प्रश्न; त्याचं उत्तर असलेला भागच सहा महिने उशिरा, तोही वेगळ्या पत्त्यावर. याला मी अर्धं उघडणं म्हणतो.

स्वतःच्या जागेत कोड ठेवणं जमतं: गनोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पानं 2018 मध्ये आणि केडीईनं 2020 मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब हे सॉफ्टवेअर बसवून संसार तिकडे नेला. बर्लिनची ना-नफा संस्था कोडबर्ग लोकांचा कोड ठेवण्याचं काम फोर्जेजो या सॉफ्टवेअरवर करते. ते सॉफ्टवेअर फुकट आहे, मुक्तही आहे. राज्याच्या डेटा सेंटरमध्ये तेच बसवा. गिटहबवर नुसती प्रत ठेवा, म्हणजे तिथली माणसंही तुटणार नाहीत. इश्यू नोंदवायला सरकारी ओळखपत्र मागू नका. कोडबरोबर सगळी चर्चाही कोणालाही उतरवून घेता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर ती होत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव.

जनसूचना पोर्टलपासूनच सुरुवात करा. चुका शोधायला आम्ही येतो, फुकट.

आपला,
एक मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्ता, जयपूर