पासवर्ड बदलण्याआधी

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या शाळेत मेल उघडला नाही की सगळे आधी नवा पासवर्ड मागतात. ही घाई आम्हांस पटत नाही. आपल्या गुडीहत्नूरसारख्या गावी कीबोर्ड कधी मराठीवर, कधी तेलुगूवर राहून जातो. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके, चूक दिसणार कशी? त्यात फेल-टू-बॅन हा पहारेकरी, मुळात असतो तसाच ठेवला तर, 10 मिनिटांत 5 चुका होताच त्या इंटरनेट जोडणीला 10 मिनिटे अडवतो. सगळे संगणक एकाच जोडणीवर, म्हणजे एकाचे बोट चुकले की ऑफिसही बंद! दोनदा जमले नाही तर थांबावे, सरांना सांगावे. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडते. पण तो वाचणारे सर एकच असतील आणि रजेवर गेले तर? विश्वस्तांनी या सुट्टीत आणखी एका शिक्षकाला तयार करावे.