घरच्या घरी नगराध्यक्ष

महाराष्ट्रातील नगरपालिकांचे मतदान 2 डिसेंबर 2025 ला होते; पण जामनेर आणि दोंडाईचाचे नगराध्यक्ष त्याआधीच ठरले. जामनेरात मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी साधना महाजन, दोंडाईचात मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री नयनकुंवर रावल. चिखलदऱ्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे मामेभाऊ आल्हाद कलोती नगरसेवक झाले, तेही बिनविरोध. कुठे प्रतिस्पर्ध्यांनी अर्ज मागे घेतले, कुठे ते छाननीत बाद झाले. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा, असा कायदा याच मंडळींनी मोठ्या कौतुकाने आणला होता. त्यातली जनताच आता वगळली गेली. तीन-चार वर्षे पालिकांवर प्रशासक बसले, सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले तेव्हा कुठे निवडणुका लागल्या, आणि इतकी वाट पाहून या गावांच्या हाती आले काय, तर मंत्र्यांचे नातेवाईक!

यावर ठरलेले उत्तर असे की, उमेदवार लोकप्रिय आहेत, अनुभवी आहेत. असतीलही. साधना महाजन 2018 मध्ये याच जामनेरात रीतसर निवडणूक लढवून नगराध्यक्ष झाल्या होत्या, तेव्हा पालिकेच्या सगळ्या जागा भाजपनेच जिंकल्या होत्या. इतकी हुकमी जागा असताना मतदान झाले असते तर बिघडले काय असते? गावाचे एकमत झाले, हा दुसरा युक्तिवाद तर आणखी तकलादू. एकमत जमते ते ग्रामसभेत, चारचौघांत बोलून. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर जमते ते वेगळे. बिनविरोधाच्या नावाखाली काय चालते, हे 2021 मध्ये उमराणे आणि खोंडामळी येथे सरपंचपदाचे लिलाव उघडकीस आले, राज्य निवडणूक आयोगाला निवडणुकाच रद्द कराव्या लागल्या, तेव्हा राज्याने पाहिले आहे. आताच्या प्रकरणांत असे काही घडले, असा आमचा दावा नाही. पण मतदाराला विचारलेच नाही, हे तर खरे?

आणि विचारण्याची सोय आहे. राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्येच ‘नोटा’ला, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नको’ या पर्यायाला, सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक, असे ठरवले. देशात असे धाडस फारशा राज्यांनी केलेले नाही. मात्र रिंगणात एकच उमेदवार उरला की मतदानच होत नाही, म्हणजे जिथे ‘नोटा’ची खरी गरज तिथेच तो गायब. 2024 मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघातील लाखो मतदारांच्या वाट्याला बिनविरोध निवडीमुळे हेच आले. एकट्या उमेदवारानेही किमान काही मते मिळवलीच पाहिजेत, असा विचार सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये बोलून दाखवला होता. महाराष्ट्राने त्यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. पालिका निवडणुकांचा कायदा राज्याचाच आहे. तो बदलण्याचे विधेयक आणायचे मंत्रिमंडळाने, म्हणजे ज्यांच्या घरात ही पदे गेली आहेत त्यांनी.