विकासाचे माप माणशी हवे

‘आदर्श गाव’ म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते : वेशीवर कमान, सिमेंटचा रस्ता, ओढ्यावर बंधारे, विहिरींना वाढलेले पाणी. हे सारे इष्टच आहे. हाच नमुना मग दुर्गम, कोरडवाहू गावांपुढे ठेवला जातो. परंतु अडवलेले पाणी ज्याच्या विहिरीत उतरले, त्याचा विकास झाला. ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्या चित्रात कोठेच दिसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो सातत्याने विचारला. 1937 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना कसण्यास द्यावी, अशी योजना सुचवली. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत, खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला गेला, याचे त्यांनी स्वागत केले. गावाची सरासरी सुधारली म्हणून गावातील प्रत्येक माणूस सुधारला असे होत नाही, हा त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

हे व्यवहारात अशक्य नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभारला. तेथे पाण्याचा हक्क सातबाऱ्यावरील एकरांनुसार ठरला नाही, तर कुटुंबातील माणसे मोजून ठरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला अधिकाधिक अडीच एकरांपुरते, उसाला मनाई, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. मोजण्याचे माप बदलताच न्यायाची वाट मोकळी होते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

असे प्रश्न विचारल्याने गावाची एकी मोडते, असे काही जण म्हणतात. परंतु शेवटच्या घराने कायम गप्प राहावे, या अटीवर उभी असलेली एकी कोणत्या कामाची? कूटदन्त सुत्तातील कथेत राज्यात लुटालूट माजली असता, शिक्षेने ती थांबणार नाही; शेती करणाऱ्यांना बियाणे द्या, असा सल्ला पुरोहित राजाला देतो. साधने हाती आल्याशिवाय शांती नांदत नाही, हे धम्माला तेव्हाच उमगले होते.

या निवासी शाळेतून शिकून मोठे झालेल्या बंधू-भगिनींना म्हणूनच एक विनंती. गावी विहारासाठी वर्गणी द्याच. पण ग्रामसभेलाही हजर राहा. विकास आराखडा मागून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीचे 15 टक्के कोठे खर्च झाले, ते विचारा. बंधाऱ्याचे पाणी किती एकरांना मिळाले, हे सांगितले जाईल. ते किती माणसांना मिळाले, हे आपण विचारले पाहिजे.