चाणक्य कंत्राटावर मिळत नाही

निवडणुकीत पडद्यामागे बसून डाव आखणाऱ्याला 'चाणक्य' म्हणण्याची सवय प्रसारमाध्यमांना जडली, त्याला आता बराच काळ लोटला. हे बिरुद वारंवार ज्यांच्या नावाला जोडले गेले, त्या प्रशांत किशोर यांच्या जनसुराज पक्षाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहार विधानसभेच्या २४३ पैकी २३८ जागा लढवल्या. एकही जागा हाती आली नाही. मते साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहिली आणि बहुतेक उमेदवारांच्या अनामती जप्त झाल्या. या पराभवाची थट्टा पुष्कळ झाली. परंतु थट्टेपेक्षा चिंतनाची गरज अधिक आहे. कारण या कारकीर्दीने उपस्थित केलेला प्रश्न प्रत्येक पक्षापुढे उभा आहे.

मूळचे रोहतास जिल्ह्यातील किशोर सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातून राजकारणात आले. २०१२ ची गुजरात विधानसभा निवडणूक आणि २०१४ ची लोकसभा निवडणूक यांत ते नरेंद्र मोदी यांच्या प्रचारयंत्रणेत होते. 'चाय पे चर्चा' आणि त्रिमितीय प्रतिमेच्या सभांमुळे त्यांचे नाव गाजले. पुढच्याच वर्षी ते नितीशकुमार यांच्यासाठी भाजपच्या विरोधात उभे राहिले आणि महाआघाडीला १७८ जागा मिळाल्या. २०१७ मध्ये पंजाबात काँग्रेस, २०१९ मध्ये आंध्रात जगनमोहन रेड्डी, २०२० मध्ये दिल्लीत आम आदमी पक्ष, २०२१ मध्ये बंगालमध्ये तृणमूल आणि तामिळनाडूत द्रमुक, अशी यशाची मालिका झाली. मध्यंतरी सप्टेंबर २०१८ मध्ये ते संयुक्त जनता दलात दाखल होऊन उपाध्यक्ष झाले आणि नागरिकत्व सुधारणा कायद्यावरून पक्षनेतृत्वाशी बिनसल्यावर जानेवारी २०२० मध्ये बाहेर पडावे लागले. राष्ट्रवाद, समाजवाद, द्रविडवाद, यांपैकी कोणताही विचार त्यांच्या कामाला अडचणीचा ठरला नाही आणि आवश्यकही ठरला नाही. हा व्यवसाय होता आणि तो त्यांनी उघडपणे केला. तीन वर्षांत सल्ल्यापोटी २४१ कोटी रुपये मिळाले, हे सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनीच पत्रकारांना सांगितले. त्यातील ९८ कोटी आपल्या पक्षाला दिल्याचेही सांगितले.

त्यांचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. मतदारसंघनिहाय पाहण्या, उमेदवारांविषयीच्या तक्रारींची नोंद, नेत्याची प्रतिमा ठसवणारी सुटसुटीत घोषणा, हे सारे त्यांनी शिस्तीने केले. मात्र या विजयांची फोड केली, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. जिथे आधीपासून भक्कम नेता आणि राबणारे कार्यकर्ते होते, तिथेच हे तंत्र फळले. जगनमोहन यांनी स्वतः हजारो किलोमीटर पायपीट केली होती. द्रमुकची शाखा-शाखांवरची बांधणी १९४९ पासूनची. याउलट २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात काँग्रेसचे काम त्यांच्याकडेच होते. देवरियातील राहुल गांधींच्या 'खाट सभे'नंतर लोक खाटाच उचलून घेऊन गेले. पक्षाला मिळाल्या केवळ सात जागा. तंत्र तेच, माणूस तोच. पण मतदान केंद्रावर उभा राहणारा कार्यकर्ता तिथे नव्हता.

स्वतःच्या पक्षाबाबतही हेच घडले. २ ऑक्टोबर २०२२ रोजी चंपारणातून त्यांनी पदयात्रा सुरू केली. स्थलांतर, शिक्षण, रोजगार हे प्रश्न बिहारच्या जिव्हाळ्याचे होते आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे मांडले, हे विरोधकांनीही मान्य करावे. पण पक्ष स्थापन झाला २ ऑक्टोबर २०२४ रोजी आणि वर्षभरात तो जवळपास सर्व जागा लढवण्यास निघाला. नेता स्वतः मात्र रिंगणात उतरला नाही. सेनापती रणांगणाबाहेर राहून सैन्याने लढावे, ही अपेक्षा मतदारांना पटली नाही.

याला आणखी एक बाजू आहे, ती वृत्तवाहिन्यांची. रणनीतिकार हाच भाष्यकार आणि भाष्यकार हाच पक्षनेता, अशी तिहेरी भूमिका किशोर वठवत राहिले. २०२४ मध्ये भाजप तीनशेच्या आसपास राहील, असे ते सांगत होते, मिळाल्या २४०. त्यानंतर आपण चुकलो, यापुढे आकडे सांगणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. ते वर्षभरही टिकले नाही. संयुक्त जनता दलाला पंचवीसही जागा मिळणार नाहीत, हे त्यांचे पुढचे भाकीत. त्या पक्षाला ८५ आणि राष्ट्रीय लोकशाही आघाडीला २०२ जागा मिळाल्या. चुका सर्वांच्याच होतात. पण बोलणारा विश्लेषक आहे की स्पर्धक, हे प्रेक्षकांना स्पष्ट करून सांगण्याचे भान वाहिन्यांनी ठेवायला हवे होते.

हे सारे दुसऱ्यांपुरते म्हणून वाचून चालणार नाही. २००४ मध्ये 'इंडिया शायनिंग'च्या झगमगाटात भाजप १३८ वर अडकला, तेव्हाही जाहिरात पुढे आणि कार्यकर्ता मागे, अशीच स्थिती होती. त्या प्रचाराचे सूत्रधार प्रमोद महाजन विद्यार्थी परिषदेतून घडलेले आणि आणीबाणीत कारावास भोगलेले. म्हणूनच पराभवाची जबाबदारी स्वीकारून ते पक्षाच्याच कामात राहिले. वसंतराव भागवतांनी महाराष्ट्रात माणसे हेरून, जोपासून पक्ष उभा केला. त्यासाठी कुणाला शुल्क द्यावे लागले नाही. आज सर्वच पक्षांत पाहण्या करणाऱ्या संस्थांचे अहवाल तालुक्याच्या जुन्या कार्यकर्त्याच्या शब्दापेक्षा वजनदार ठरू लागले आहेत. साधने वापरावीत, त्यात गैर काही नाही. पण उमेदवार कोण, हे वेतनावरील तरुण ठरवू लागले, तर सतरंज्या उचलणारा माणूस घरी बसेल आणि पराभवाच्या दिवशी पक्ष कार्यालयात दिवा लावायलाही कुणी उरणार नाही.

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त चाणक्याची सारी खटपट अमात्य राक्षसाला चंद्रगुप्ताच्या बाजूला आणण्यासाठी आहे. का? तर स्वामी गेल्यावरही राक्षसाने निष्ठा सोडली नाही म्हणून. चाणक्याला शत्रुपक्षातही हाच गुण मोलाचा वाटला. आणि कार्य सिद्धीस गेल्यावर त्याने स्वतःसाठी काही राखले नाही. पराभवानंतर प्रशांत किशोर यांनी भितिहरवा येथील गांधी आश्रमात एक दिवसाचे मौन व उपोषण केले आणि बिहार सोडणार नसल्याचे सांगितले. पुढची दहा वर्षे ते गावोगाव याच एका कामात राहिले, तर त्यांचीही गणना कार्यकर्त्यांत करावी लागेल. तोवर 'चाणक्य' हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.