शस्त्रक्रियागृहातला कंपनीचा माणूस

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत बारीक तार सोडायची, छातीच्या कातडीखाली बॅटरीचे यंत्र बसवायचे आणि विजेच्या सौम्य स्पंदांनी हातापायांची थरथर आटोक्यात आणायची, या उपचाराला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. अमेरिकेत कंपवातासाठी त्याला २००२ साली मान्यता मिळाली. आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही ही शस्त्रक्रिया होते.

त्या वेळी सर्जनजवळ आणखी एक जण उभा असतो, क्लिनिकल प्रॉडक्ट स्पेशालिस्ट. तो डॉक्टर म्हणून तेथे नसतो. उपकरण विकणाऱ्या कंपनीचा तो पगारी नोकर असतो. पुढे स्पंदांची ताकद व गती जुळवतानाही त्याची मदत घेतली जाते. यंत्राची खडान्‌खडा माहिती त्याला असते, म्हणून त्याची गरज कोणी नाकारत नाही. पण त्याचा पगार विक्रीतून निघतो, हे कसे विसरायचे?

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की, उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. मग कंपनीचा माणूस हजर राहणार, हे रुग्णाला सांगायला नको काय? उद्या चूक झाली तर डॉक्टर कंपनीकडे आणि कंपनी डॉक्टरकडे बोट दाखवील!

म्हणून संमतीपत्रात त्याचे नाव, कंपनी व काम मराठीत लिहिलेच पाहिजे. यंत्रातला प्रत्येक बदल डॉक्टरच्या लेखी आदेशानेच व्हावा आणि त्याची प्रत रुग्णाला मिळावी. मेंदू रुग्णाचा आहे. त्याला कोण हात लावतो, हे विचारण्याचा हक्कही त्याचाच आहे.